धातूंचा शीण पाहणारे आचार्य जगदीशचंद्र बसु

आमच्यासारख्या मिशनरी विद्यालयांत शिकणाऱ्यांस आचार्य जगदीशचंद्र बसु यांचें चरित्र विशेष जवळचें वाटावें. कारण त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत, फादर लाफों या जेझुइट गुरूंचे प्रयोग पाहून.

बसूंचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं बंगालमध्यें झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी असूनहि त्यांनीं मुलास प्रथम बंगाली शाळेंतच घातलें. तेथें शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचीं मुलें त्याच्या शेजारीं बसत. केंब्रिजचें शिक्षण संपवून १८८५ सालीं ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापक झाले. हिंदी अध्यापकास युरोपियनाहून कमी वेतन देण्याची तेव्हां रीत होती. बसूंनीं तीन वर्षें काम चोख केलें, पण वेतनास स्पर्श केला नाहीं; अखेर सरकारनें मागील बाकीसह पूर्ण वेतन दिलें. वडिलांचें कर्ज डोक्यावर असतां हा निग्रह पाळणें किती कठीण गेलें असेल!

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें त्यांनीं विद्युल्लहरींच्या योगें, मध्यें तार नसतां, दूरची घंटा वाजवून दाखविली. पण आम्हांस याहून नवलाची वाटते ती पुढची गोष्ट. या लहरी टिपणारें धातूचें ग्राहक-यंत्र सतत वापरलें म्हणजे मंद होई, आणि कांहीं तास विसावा मिळतांच पुन्हा तरतरीत होई. उलट, फार दिवस तसेंच पडून राहिल्यास तें सुस्त होई व विजेच्या जोरदार धक्क्यानेंच जागें होई. दुसरा एखादा यंत्र बिघडलें म्हणून तें फेंकून देता; बसु त्या बिघाडाचाच अभ्यास करीत बसले. कथलाच्या तारेस वारंवार पीळ देऊन तिच्यांत उत्पन्न होणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे आलेख त्यांनीं काढले. ते थकलेल्या स्नायूच्या आलेखांशीं जुळत. ऑक्झॅलिक आम्लानें तर तारेचा प्रतिसाद विषानें मरावा तसा मरे.

हे प्रयोग १९०० सालीं पॅरिसच्या परिषदेंत व १९०१ सालीं लंडनमध्यें त्यांनीं मांडले. तेथें शरीरशास्त्रज्ञ सर जॉन बर्डन-सँडरसन यांनीं विरोध केला, आणि रॉयल सोसायटीनें तो निबंध छापला नाहीं. बसु डगमगले नाहींत. १९०२ सालीं त्यांनीं स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. सजीव व निर्जीव यांतील सीमारेषा पुसली गेली, हें त्यांचें अनुमान विज्ञानानें स्वीकारलें नाहीं, आणि आमच्या मतेंहि दोन आलेख सारखे दिसले एवढ्यानें तें सिद्ध होत नाहीं. परंतु निरीक्षण वेगळें आणि अनुमान वेगळें. त्याच रॉयल सोसायटीनें १९२० सालीं त्यांना आपले सभासद करून घेतलें. तत्पूर्वीं १९१७ सालीं त्यांनीं कलकत्त्यास आपलें संशोधनमंदिर स्थापिलें होतें. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर दहा वर्षें होण्यापूर्वींच बेरियम टायटनेट या भाजलेल्या मृत्तिकेसारख्या पदार्थाचे विलक्षण विद्युद्गुण उघडकीस आले. अशा फेरोइलेक्ट्रिक पदार्थांतील विद्युद्ध्रुवांची दिशा कोट्यवधि वेळां उलटविली म्हणजे त्यांची शक्ति क्षीण होते. त्यास अभियंते ‘शीण’ असेंच म्हणतात. नुसते ठेवून दिले तरी त्यांचे गुण हळूहळू उतरतात. तें त्यांचें ‘वार्धक्य’. तें मात्र माणसाच्या वार्धक्यासारखें नव्हे. विशिष्ट तपमानापलीकडे तापविलें कीं तें जातें. पदार्थांत प्राण आहे असें यांत कोणी मानीत नाहीं. स्फटिकांतील दोष, अडकून बसलेले विद्युद्भार आणि सूक्ष्म तडे हींच कारणें शास्त्रज्ञ देतात.