रेव्हरंड टिळकांचा संसार

कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने उपासनामंदिरांतून आजही गाइली जातात. परंतु या भक्तकवीचा संसार एके काळी मोडला होता व तो पुन्हा उभा राहिला, हे विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातेवर त्यांचे निरतिशय प्रेम. पिता मात्र करडा. माता निवर्तल्यावर या मुलाने घर सोडून नाशिकची वाट धरली. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली, याच लक्ष्मीबाई. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. टिळक उदार, पण शीघ्रकोपी व लहरी. हाती पैसा ठरत नसे, आणि मनात आले की घरात न सांगताही ते निघून जात.

नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्याच्या वाचनाने त्यांचे मन पालटले, व 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी जवळ नव्हती. अंतःकरणाची साद ऐकणे हा मनुष्याचा हक्क खरा. तथापि अर्धांगीच्या मनाची तयारी न करता एवढे पाऊल टाकणे ही चूक होती, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या.

टिळकांनी दुसरा विवाह केला नाही. पत्रे जात-येत राहिली. चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास आल्या खऱ्या, परंतु आपल्या सोवळ्यानिशी! चूल निराळी, पाणी निराळे. इतके दिवस वाट पाहिलेल्या पुरुषास हे केवढे झोंबले असेल! पण टिळकांनी त्या सोवळ्यास धक्का लावला नाही, की आपला धर्म पत्नीवर लादला नाही. खटके उडत, रुसवे होत. लक्ष्मीबाईही ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. तरी पुन्हा ताटातूट मात्र झाली नाही. पुढे राहुरीस असताना विचारांती त्यांनी आपण होऊन जातिभेद टाकला, व 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. याच घरी पुढे बालकवी ठोमरे हिंदू राहूनही पुत्रवत् वावरले.

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली; तीत पतीचा संताप आणि स्वतःचा हट्ट दोन्ही सारख्याच मोकळेपणाने, हसत हसत सांगितले आहेत. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या ख्रिस्तासाठी पती दुरावला, त्याच्याच चरित्राचे पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. 1936 मध्ये त्याही निवर्तल्या, आणि 1938 साली ते प्रसिद्ध झाले.