पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक होत्या. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मश्रद्धा, मुलांचे संगोपन आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही विषयांत त्यांनी स्वतंत्र भूमिका घेतली. आपल्या विवेकाचा निर्णय शास्त्री, बिशप किंवा सरकारी अधिकारी यांपैकी कोणाच्याही स्वाधीन करायचा नाही, हे त्या भूमिकांमागील समान सूत्र होते. त्यामुळे सनातनी, सुधारक, मिशनरी आणि राज्यकर्ते या सर्वांशी त्यांचा निरनिराळ्या वेळी संघर्ष झाला.

जन्म व बालपण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात, वडिलांच्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. पुण्यात गुरुगृही असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रियांनाही हे ज्ञान मिळावे असे वाटून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्यासाठी ज्ञातीचा रोष पत्करावा लागला व अखेर गाव सोडून रानात राहावे लागले.

रमाबाईंच्या शिक्षणाच्या वेळी वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे लक्ष्मीबाई याच त्यांच्या खऱ्या गुरू ठरल्या. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरत असे. या भटकंतीत पहाटेच्या वेळी आई मुलीला जवळ घेऊन पाठ देई. शाळेची इमारत, पाटी किंवा छडी यांपैकी काहीही नसताना रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. शिस्त ही धाकातून नव्हे, तर शिकवणाऱ्याच्या सहवासातून येते, हा त्यांच्या पुढील शैक्षणिक कार्यातील विचार या अनुभवाशी सुसंगत आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई-वडिलांचा उपासमारीने अंत झाला. थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाईंनी देशभर पायी प्रवास केला. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

विवाह, वैधव्य आणि पुण्यातील कार्य

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला व त्या आसामात सिलचर येथे राहू लागल्या. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींचे पटकीने निधन झाले. आई-वडील दुष्काळाने आणि पती साथीने गेल्यामुळे आरोग्याचा प्रश्न रमाबाईंच्या दृष्टीने केवळ सरकारी अहवालांचा विषय राहिला नाही.

१८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका व स्त्री-निरीक्षक नेमण्याची, तसेच स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्याच्या संकोचामुळे अनेक स्त्रिया उपचाराविना मरतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीची पार्श्वभूमी सांगताना या साक्षीचा उल्लेख अनेकदा केला जातो.

स्त्रीधर्मनीती हा त्यांचा पहिला ग्रंथ १८८२ चाच. त्यात स्वावलंबन, विद्या, गृहव्यवस्था व मुलांचे संगोपन या विषयांवर स्त्रियांना उपदेश आहे. याच वर्षी वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुष तुलना हा निबंध पुण्यात छापला गेला. ताराबाईंनी दोषांचा जाब थेट पुरुषांना विचारला, तर रमाबाईंनी स्त्रियांना आत्मसुधारणेचा मार्ग सांगितला. द हाय कास्ट हिंदू वुमन (१८८७) या इंग्रजी ग्रंथात मात्र रमाबाईंची टीका शास्त्रे व रूढी यांच्या मुळापर्यंत पोहोचली. पाच वर्षांतील हा बदल त्यांच्या वैचारिक प्रवासाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो.

धर्मांतर आणि श्रद्धेविषयीची भूमिका

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या संघाने त्यांना आश्रय दिला. अँग्लिकन चर्चमध्ये असूनही उपासना, व्रते व आज्ञापालन यांबाबतीत हा संघ कॅथलिक परंपरेला जवळचा होता. २९ सप्टेंबर, १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले सेवाकार्य आणि नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचे लेखन यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. वाढत्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेत त्यांना सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान यांचे शिक्षण घेतले.

ख्रिस्त स्वीकारला म्हणजे एखाद्या पंथाचे सारे सिद्धांत स्वीकारले, असे रमाबाईंना मान्य नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या. मांसाहार त्यांनी केला नाही. क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का, आपल्या देशाच्या भाषेत का नको, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार व जातीचा अवशेष दिसला. रमाबाईंच्या मते मात्र एका पुरोहितवर्गाची सत्ता नाकारून दुसऱ्या पुरोहितवर्गाची सत्ता डोळे मिटून मानणे, हे ज्या मोकळेपणासाठी त्या ख्रिस्ताकडे आल्या होत्या त्याच्याच विरुद्ध होते. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचवले तेव्हाही आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांपुढे बोलत आलो आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली.

मनोरमेचे संगोपन

या वादाचा सर्वांत नाजूक भाग मनोरमेशी निगडित होता. अगदी लहान वयापासून ती बराच काळ जोगिणींच्या देखरेखीखाली होती. तिला चर्चची शिकवण पूर्णपणे मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. जे सिद्धांत आपल्याला पटलेले नाहीत ते अजाण मुलीच्या मनावर बिंबवू नयेत, अशी रमाबाईंची भूमिका होती. मुलीच्या शिक्षणाविषयी अंतिम निर्णय आईचा, हा त्यांचा दावा होता. मुलीने मायदेशाला परकी होऊ नये, याचीही त्यांना काळजी होती.

तरीही हा प्रश्न एकतर्फी नव्हता. रमाबाई शिक्षण व कार्य यांत गुंतलेल्या असताना मनोरमेचा दैनंदिन सांभाळ जोगिणीच करीत होत्या. मतभेद तीव्र असूनही रमाबाईंनी पुढे मनोरमेला शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंडला पाठवले आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रव्यवहारही चालू ठेवला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. खेळ, हस्तकौशल्य, गाणी व निरीक्षण यांतून मुलाला शिकवणारी ही पद्धत, पाठांतर व छडी यांवर चालणाऱ्या तत्कालीन शाळांपेक्षा अगदी वेगळी होती.

शारदा सदन आणि १८९३ चा वाद

बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च, १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; १८९० मध्ये ते पुण्यास हलवण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना निवास व शिक्षण देणारी ही संस्था धर्मनिरपेक्ष राहील, असे ठरले होते. मुलींना आपापले जातिनियम व उपासना पाळण्याची मुभा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई (आनंदीबाई कर्वे) या सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी होत.

रमाबाई पहाटे स्वतःची प्रार्थना करीत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. आपण कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलूनही देणार नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. टीकाकारांचा मुद्दा वेगळा होता: आश्रयासाठी पूर्णपणे एका व्यक्तीवर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत उघडे दार हेही आमंत्रणच ठरते. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. १८९५ मध्ये काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतल्यावर टीका अधिक तीव्र झाली. विधवांसाठी हिंदू समाजाची स्वतःची संस्था असावी ही गरज यातून ठळक झाली. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. मनोरमेच्या बाबतीत इतरांनी पाडलेल्या प्रभावाविरुद्ध लढलेल्या रमाबाईंवर आता तसाच आक्षेप घेतला जात होता.

दुष्काळ, प्लेग आणि सार्वजनिक आरोग्य

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. याच काळात प्लेगची साथ पसरत होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले होते. काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांमार्फत घरझडती, रोग्यांचे सक्तीने रुग्णालयात स्थलांतर आणि संपर्कातील लोकांचे विलगीकरण सुरू झाले. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च, १८९७ रोजी याच साथीत निधन झाले.

साथीमुळे पुण्यातील सदनात नव्या मुलींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर, तंबू व झोपड्यांमध्ये हलवले. पुढील मुक्ती मिशनचा प्रारंभ अशा रीतीने एका आरोग्यविषयक निर्बंधातून झाला.

प्लेगप्रतिबंधक उपायांची गरज रमाबाईंनी नाकारली नाही. त्यांचा आक्षेप अंमलबजावणीच्या रीतीवर होता. १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी प्लेग रुग्णालय व छावण्यांतील स्त्रियांच्या असुरक्षिततेवर कठोर टीका केली. आपल्या संस्थेतून तेथे नेलेल्या एका मुलीची विटंबना झाल्याची तक्रारही त्यात होती. पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. २२ जून, १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या जखमांनी त्यांचा पुढे मृत्यू झाला. त्या काळातील तणाव पाहता, ज्यांच्यावर इंग्रजधार्जिणेपणाचा आरोप होत असे अशा ख्रिस्ती स्त्रीने सरकारविरुद्ध जाहीरपणे लिहिणे ही लक्षणीय गोष्ट होती.

मुक्ती मिशन

केडगावची संस्था १८९८ पासून मुक्ती सदन म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणण्यात आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या वस्तीला साथीपासून जपण्यासाठी पाणी, स्वच्छता व पुरेसे अन्न ही पहिली गरज होती; त्यासाठी विहिरी खोदून शेती केली गेली. उपासमारीने खंगलेल्या, भेदरलेल्या मुलींना आधी शरीराने सावरावे लागे. नंतर अभ्यास, प्रार्थना आणि शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, छपाई यांसारखे एखादे काम अशी दिनचर्या त्यांना लावली जाई. अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता. तेथे मनोरमेने ब्रेल लिपीचे शिक्षण आणले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन स्थापन झाले. आता संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. दुष्काळात आणलेल्या अनाथ मुलींच्या धर्मांतरावर हिंदू समाजातून टीका होत राहिली. १९०५ मध्ये येथे मोठे धर्मजागरण घडले.

अखेरची वर्षे व वारसा

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते समजावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले. क्रुसावरील लेख आपल्या भाषेत का नसावा, असे विचारणाऱ्या रमाबाईंचे हे त्याच विचाराला धरून केलेले काम होते. छपाईचे कामही केडगावच्या मुद्रणालयात स्त्रियाच करीत. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. २४ जुलै, १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. भाषांतर पूर्ण केल्यानंतर ५ एप्रिल, १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला.

धर्मांतरामुळे महाराष्ट्रातील सुधारणा चळवळीच्या इतिहासात रमाबाई दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या कार्याचा नव्याने विचार केला. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे.