आकाशातून सागरतळाकडे : ऑगस्त पिकार

आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला घेतले की मी फळ्यावर दोन चित्रे काढतो. एकात हवेत चढणारा फुगा, दुसऱ्यात समुद्रात उतरणारे यान. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली, हे सांगितले की मागच्या बाकावरचे कॅडेटही मान वर करतात. स्वित्झर्लंड म्हटले की त्यांना घड्याळे आणि घडीचा चाकू आठवतो. मला प्राध्यापक पिकार आठवतात.

ऑगस्त पिकार यांचा जन्म २८ जानेवारी १८८४ रोजी बाझल येथे झाला. जाँ हा त्यांचा जुळा भाऊ. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ऑगस्त झुरिचला यंत्र अभियांत्रिकी शिकले. पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघे भाऊ स्विस सैन्याच्या बलून पथकात होते. १९२२ पासून ऑगस्त ब्रुसेल्सला भौतिकशास्त्र शिकवू लागले. अंगाने काटकुळे आणि कमालीचे उंच. टिनटिनच्या चित्रकथांतले प्रोफेसर कॅल्क्युलस त्यांच्यावरूनच बेतले आहेत. फक्त चित्रकाराने उंची कमी केली.

त्यांना वैश्विक किरण मोजायचे होते आणि त्यासाठी वातावरणाच्या वरच्या थरात जाणे भाग होते. पण उघड्या टोपलीतून तिथे जाणे म्हणजे मृत्यू. १८७५ मध्ये ‘झेनिथ’ या फ्रेंच बलूनमधले तिघांपैकी दोघे विरळ हवेने गुदमरून गेले होते. पिकार यांनी टोपलीच काढून टाकली. तिच्या जागी सुमारे दोन मीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा हवाबंद गोळा टांगला. आत प्राणवायूचा साठा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा क्षार. आज प्रवासी विमानात आपण निवांत बसतो त्यामागे हीच कल्पना आहे.

२७ मे १९३१ च्या पहाटे जर्मनीतील ऑग्सबुर्गहून ते आणि त्यांचे सहायक पॉल किप्फर निघाले. हायड्रोजनचा अजस्र फुगा जमिनीवर मुद्दामच थोडासा भरला होता, कारण वर दाब कमी होताच वायू फुगणार होता. पण चढताना लक्षात आले की गोळ्याला एक भोक आहे आणि हवा बाहेर चालली आहे. पिकार यांनी व्हॅसलीन आणि काथ्या एकत्र मळून ते बुजवले. नंतर वायू सोडायची दोरी अडकली, म्हणजे खाली येणेच त्यांच्या हाती उरले नाही. त्यात दाबमापक फुटून पारा सांडला. पारा ॲल्युमिनियम खातो! तो त्यांनी नळी लावून बाहेरच्या पोकळीकडून ओढून घेतला. गोळ्याची एक बाजू काळी रंगवलेली होती. ती सूर्याकडे राहिली आणि आत भट्टी झाली. पाणी संपत आले तेव्हा भिंतीवर साचलेले थेंब चाटून दिवस काढला. संध्याकाळी वायू थंडावून आकसला, तेव्हा कुठे बलून उतरू लागले. ऑस्ट्रियातील गुर्गल हिमनदीवर ते सुखरूप टेकले. गाठलेली उंची १५,७८१ मीटर. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, १६,२०१ मीटरपर्यंत.

माझ्या मते त्यांची खरी थोरवी यापुढची आहे. दोरीने टांगलेले गोळे समुद्रात काहीशे मीटर उतरत होते. दोरी तुटली की सगळे संपले. पिकार यांनी दोरीच नको म्हटले. त्यांच्या बॅथिस्काफमध्ये हायड्रोजनच्या जागी पेट्रोल आले, कारण ते पाण्याहून हलके असते आणि दाबाने फारसे आकसत नाही. टाकी खालून उघडी असल्याने आतबाहेर दाब सारखाच राहतो, त्यामुळे टाकीचा पत्रा पातळ चालतो. जाड पोलाद हवे फक्त माणसे बसतात त्या गोळ्याला. आणि बुडवणारे वजन म्हणजे लोखंडी छर्रे, विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले. वीज गेली तर चुंबक सुटतात, छर्रे आपोआप गळतात आणि यान वर येते. बिघाडालाच परतीचा रस्ता दाखवायला लावले! दोरी अडकल्याने दिवसभर आकाशात लटकलेल्या माणसालाच असे सुचावे.

१९४८ मधल्या पहिल्या यानाची टाकी लाटांनी मोडली. मग इटलीत ‘त्रिएस्ते’ उभे राहिले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी एकोणसत्तर वर्षांचे पिकार मुलगा जाक याच्यासह पोन्झा बेटाजवळ ३,१५० मीटर खोल गेले. (घराण्याची ओढ पुढेही टिकली. नातू बर्ट्रांड २०१५ मध्ये सौरऊर्जेवरचे विमान चालवत मस्कतहून अहमदाबादला उतरला.)

‘त्रिएस्ते’ पुढे अमेरिकी नौदलाने विकत घेतले. पिकार १९६२ मध्ये लोझानला वारले. त्याआधी दोन वर्षे, २३ जानेवारी १९६०ला, जाक आणि नौदलाचे लेफ्टनंट डॉन वॉल्श त्याच यानातून पॅसिफिकच्या मारियाना गर्तेत शिरले. वाटेत एका खिडकीला बाहेरून तडा गेला, तरी ते उतरत राहिले. सुमारे १०,९०० मीटरवर तळ लागला. वीस मिनिटे ते तिथे थांबले. मग चुंबकांचा प्रवाह तोडला, छर्रे गळाले आणि यान वर निघाले.