मुंबईच्या छायेबाहेरचे यश : प्रा. देवधर

पुणे, नाशिक, नगर (आताचे अहिल्यानगर) येथील खेळाडूंच्या महाराष्ट्र संघावर मुंबईच्या क्रिकेटची छाया नेहमीच राहिली. पहिले दोन रणजी करंडक मुंबईनेच जिंकले होते. ही छाया दूर सारली प्रा. दिनकर बळवंत देवधर यांनी. १४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला, तर पुढील वर्षी मद्रासला नमवून रणजी करंडक पटकावला. बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. कसोटी खेळण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९७३-७४ मध्ये विभागीय संघांसाठी सुरू झालेल्या स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राला मात्र २०२४-२५ पर्यंत रणजी करंडक पुन्हा जिंकता आला नाही.