तेरा वर्षांचा अनुभव, १००० सीसीची बाईक आणि रस्त्यातला एक खोलगट भाग: ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची शेवटची राइड

पहिलीच बाईक थेट ६५० सीसीची घ्यावी का? हा प्रश्न पडला असेल, तर टी. ई. लॉरेन्स यांची गोष्ट वाचाच.

१८८८ साली वेल्समध्ये जन्मलेले हे ब्रिटिश अधिकारी पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात लढले आणि जगभर गाजले. पुढे नाव बदलून ते हवाई दलात साधे सैनिक म्हणून भरती झाले. बाईकचं त्यांना भारी वेड! १९२२ पासून त्यांनी एकामागून एक सात ‘ब्रो सुपीरियर’ वापरल्या. शेवटची होती एसएस १००. या मॉडेलला ताशी १६० किलोमीटर वेगाची हमी कंपनीच द्यायची.

१३ मे १९३५. इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये ते घरी परतत होते. रस्त्याच्या खोलगट भागामुळे पुढे चाललेली दोन सायकलस्वार मुलं त्यांना वेळेत दिसली नाहीत. त्यांना चुकवताना लॉरेन्स बाईकवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे बाईकस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करात बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

तेरा वर्षांचा सराव असलेल्या माणसालाही ऐनवेळी सावरता आलं नाही. नवख्याकडे तर तेवढा सरावही नसतो. म्हणून आधी छोट्या इंजिनवर ब्रेक आणि वळणं अंगवळणी पडू द्या, मोठी बाईक नंतर. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून!