वाळवंटातील पक्ष्यांचे अभ्यासक : कॅनन ट्रिस्ट्रम

पवित्र शास्त्रात अरण्याचा उल्लेख आला म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एकतर सागवानाचे घनदाट रान उभे राहते, नाहीतर जिवंत प्राण्याचे नावही नाही अशी तापलेली वाळू. ह्या दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत. ते अरण्य म्हणजे ओसाड, कोरडी भूमी खरी. परंतु ती निर्जीव मात्र नाही. तेथे पक्षी आहेत, आणि त्यांना पाहण्यास डोळा लागतो. असा डोळा लाभलेल्या एका धर्मोपदेशकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

हेन्री बेकर ट्रिस्ट्रम यांचा जन्म ११ मे १८२२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबर्लंड परगण्यातील एग्लिंगहॅम या गावी झाला. त्यांचे वडील तेथील चर्चचे धर्माधिकारी होते. डरहॅम येथे शालेय शिक्षण व ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात उच्च शिक्षण घेऊन त्यांनी १८४६ साली धर्मसेवेची दीक्षा पूर्ण केली. परंतु त्यांची छाती नाजूक होती. इंग्लंडचा दमट हिवाळा सोसेना, म्हणून ते काही काळ बर्म्यूडा बेटावर आरमाराचे व लष्कराचे पाळक होऊन राहिले. पुढे १८४९ साली डरहॅम परगण्यातील कासल ईडन येथे त्यांची नेमणूक झाली. तेथेही दुखणे पुन्हा उलटले, आणि १८५५ ते १८५७ या काळात हिवाळा घालविण्यासाठी ते उत्तर आफ्रिकेतील अल्जीरियास गेले. ज्या दुखण्याने त्यांस घराबाहेर काढले, त्यानेच त्यांच्या जन्माचे कार्य त्यांच्या हाती दिले.

अॅटलस पर्वत ओलांडून ते सहारा वाळवंटात दूरवर शिरले. तेथे त्यांचे लक्ष वेधले ते चंडोलांनी. वाळवंटातील चंडोल ओळखणे हे सोपे काम नव्हे. पक्षी वाळूच्याच रंगाचा. चाहूल लागताच तो जमिनीस चिकटून बसतो आणि दहा पावलांवर असूनही दिसत नाही. काही जाती तर उडाल्यावरच ओळखू येतात. हुदहुदासारखी लांब, वाकडी चोच असलेला एक मोठा चंडोल आहे. तो बसला असता निव्वळ वाळूचा गोळा भासतो, पण पंख पसरताच काळे-पांढरे पट्टे लख्ख चमकतात. रंगावर विसंबता येत नसल्यामुळे निरीक्षकाने चोचीची लांबी, पायांची ठेवण, चालण्याची रीत, उड्डाण व आवाज यांकडे लक्ष पुरवावे लागते. ट्रिस्ट्रमसाहेबांनी हे सर्व बारकाईने केले. तेथील एका लहानशा वटवट्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम त्यांनीच १८५९ साली केले, आणि आज तो पक्षी त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८५८ साली पक्षिशास्त्रज्ञांची जी ब्रिटिश संस्था निघाली, तिच्या मूळच्या वीस सभासदांपैकी ते एक होते. तिच्या 'आयबिस' या नियतकालिकात ऑक्टोबर १८५९ मध्ये त्यांनी सहारातील पक्ष्यांविषयी लेख लिहिला. शंभराच्या आसपास चंडोलांचे नमुने त्यांनी समोर मांडले होते. त्यांत गडद रंगाचे होते व फिकट होते. आखूड चोचीचे होते व लांब चोचीचे होते. जेथे झाड नाही, झुडूप नाही, आडोसा नाही, तेथे गडद पक्षी ससाण्यास सहज दिसतो व मारला जातो. फिकट पक्षी वाचतो व त्याचीच पिल्ले वाढतात. तसेच भुसभुशीत वाळूत खोलवरचे अन्न लांब चोचीच्या पक्ष्यास मिळते, आखूड चोचीच्यास मिळत नाही. पिढ्यामागून पिढ्या असे होत गेल्यास निराळी जात का निर्माण होऊ नये, असे त्यांनी मांडले. डार्विन व वॉलेस यांचे निबंध आदल्याच वर्षी वाचले गेले होते, आणि डार्विनसाहेबांचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघण्यास अद्याप एक महिना अवकाश होता. त्यांचे तत्त्व प्रत्यक्ष पाहिलेल्या पक्ष्यांस प्रथम लावून दाखविले ते एका खेड्यातील धर्मोपदेशकाने, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे आम्हांस एक गोष्ट लपवावीशी वाटत नाही. जून १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स व प्रोफेसर हक्सली यांचा प्रसिद्ध वाद झाला. त्यानंतर ट्रिस्ट्रमसाहेबांनी नव्या मताकडे पाठ फिरविली. विद्या व श्रद्धा यांत भांडण लागलेले पाहून त्यांचे मन श्रद्धेच्या बाजूस झुकले असावे. त्यांस भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ते या ठिकाणी चुकले, असे आम्हांस वाटते. देवाने निर्मिलेल्या सृष्टीत डोळ्यांनी पाहिलेले सत्य देवाविरुद्ध साक्ष कशी देईल? त्यांचे मत बदलले, परंतु चंडोल बदलले नाहीत. आणि त्यांनी १८५९ साली दिलेली कारणे आजचे शास्त्रज्ञही मानतात.

पुढचे त्यांचे कार्य पवित्र भूमीत झाले. १८५८ साली ते तेथे प्रथम गेले. १८६३-६४ साली बराच काळ राहून व १८७२ साली मवाब देशात हिंडून त्यांनी तेथील पशु, पक्षी व वनस्पती यांची पाहणी केली. मृत समुद्राभोवतीच्या उजाड, खडकाळ दऱ्यांत मैनेच्या कुळातील एक काळाभोर पक्षी राहतो. उडताना त्याच्या पंखांवर तांबूस-नारिंगी झळक दिसते आणि त्याची शीळ कड्याकड्यांतून घुमते. १८५८ साली स्क्लेटर या शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्यास ट्रिस्ट्रम यांचे नाव दिले. १८६७ साली त्यांनी पवित्र शास्त्रातील प्राणी व वनस्पती यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रानात इस्राएल लोकांच्या छावणीवर उतरलेले लावे पक्षी वाऱ्याबरोबर स्थलांतर करतात व समुद्र ओलांडून थकले म्हणजे जमिनीलगत येतात, हे त्यांनी पक्ष्यांच्या खऱ्या सवयींवरून समजावून दिले.

१८६८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले व पुढे डरहॅम कॅथीड्रलचे कॅनन झाले. १८७९ साली यरुशलेमचे बिशपपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. मिशनकार्याचे ते आजन्म कैवारी होते. त्यांची कन्या कॅथरीन जपानातील ओसाका येथे मिशनच्या मुलींच्या शाळेत काम करीत असे. तिला भेटण्यासाठी सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८९१ साली, ते जपानपर्यंत गेले. ८ मार्च १९०६ रोजी डरहॅम येथे त्यांस देवाज्ञा झाली.

त्यांच्या संग्रहात सुमारे २०,००० पक्षी होते. तो संग्रह पुढे लिव्हरपूलच्या संग्रहालयाकडे गेला. त्या काळी पक्षी ओळखावयाचा तर तो बंदुकीने पाडून हाती घ्यावा लागे. आज दुर्बीण आहे, छायाचित्र आहे. म्हणून ज्या कामास त्यांना गोळी लागली, त्यास आपणांस धीर पुरे आहे.

आपल्या दख्खनच्या माळावरही मुरमाच्या रंगाचे चंडोल आहेत, आणि पायाखालून भर्रकन उठेपर्यंत न दिसणाऱ्या पखुर्ड्या आहेत. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी शोषून तहानलेल्या पिल्लांकडे नेतो, हे किती मुलांस ठाऊक आहे? विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत एक वही व पेन्सील घेऊन पहाटे माळावर जावे, स्वस्थ बसावे, आणि जे दिसेल तेच लिहावे. पालकांनीही, मूल रिकामे बसले आहे असे समजून त्यास हाक मारू नये. पुढे कोणी कितीही मोठा वाद घातला तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले पान फाडू नये, एवढेच या चरित्रावरून आम्हांस सांगावयाचे आहे.