अनोळखी सैनिकाला राजांच्या रांगेत जागा मिळवून देणारा पाद्री

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजे, राण्या, कवी, शास्त्रज्ञ असे तीन हजारांहून जास्त लोक चिरनिद्रा घेत आहेत. फरशीतल्या त्यांच्या शिळांवरून लोक रोज ये-जा करतात. फक्त एका काळ्या शिळेवर कुणीही पाय ठेवत नाही. तिच्याखाली एक सैनिक आहे, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

त्याला ही जागा मिळाली ती डेव्हिड रेलटन या पाद्रीमुळे.

रेलटन यांचा जन्म १८८४ चा. वडील जॉर्ज स्कॉट रेलटन हे साल्वेशन आर्मीच्या सुरुवातीच्या मोठ्या नेत्यांपैकी एक. डेव्हिड ऑक्सफर्डला शिकले, चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री झाले आणि पहिलं महायुद्ध पेटल्यावर सैन्यासोबत फ्रान्सला गेले. जखमींजवळ बसणं, प्रार्थना घेणं आणि मेलेल्यांना मूठमाती देणं हे त्यांचं काम. गोळीबारात जखमींना वाचवल्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदकही मिळालं.

१९१६ साली आर्मांतिएर गावाजवळ एका घराच्या बागेत त्यांना एक कबर दिसली. वर साधा लाकडी क्रूस. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं की इथे ब्लॅक वॉच रेजिमेंटचा एक अनोळखी सैनिक आहे. हा कुणाचा मुलगा असेल, या प्रश्नानं रेलटन यांची पाठ सोडली नाही.

कारण असे एक-दोन नव्हते, लाखो होते. त्यात सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत असा नियम होता. श्रीमंतांनी आपल्या मुलाला घरी आणायचं आणि गरिबांनी नुसतं बघायचं, असं होऊ नये हा त्यामागचा विचार. पण त्यामुळे असंख्य घरांमध्ये ना मृतदेह आला, ना अंत्यविधी झाला. ज्या समाजात दफनाच्या वेळची प्रार्थना हाच शेवटचा निरोप, तिथे हा निरोपच राहून गेला होता.

युद्धानंतर रेलटन मार्गेट शहरात चर्चचं काम पाहू लागले. ऑगस्ट १९२० मध्ये त्यांनी ॲबेचे प्रमुख, डीन हर्बर्ट राईल यांना पत्र लिहिलं. मागणी एकच होती. एका अनोळखी सैनिकाला ॲबेमध्ये दफन करा. तो कोण हे कळणार नाही, म्हणून प्रत्येक आईला तो आपलाच वाटेल.

राजे पंचम जॉर्ज आधी तयार नव्हते. जुन्या जखमा पुन्हा उघडतील अशी त्यांना भीती होती. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मात्र कल्पना उचलून धरली. नियोजनाच्या समितीचे प्रमुख होते लॉर्ड कर्झन, म्हणजे बंगालची फाळणी करणारे तेच माजी व्हाइसरॉय.

वेगवेगळ्या रणभूमींवरून ओळख न पटलेले मृतदेह आणले गेले आणि त्यातून एक निवडला गेला. ११ नोव्हेंबर १९२० ला, युद्धबंदीला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, ॲबेमध्ये दफनविधी झाला. खुद्द राजांनी शवपेटीवर फ्रान्सची माती टाकली. मानाच्या पाहुण्या होत्या सुमारे शंभर स्त्रिया. या युद्धात त्यांचा नवरा आणि सगळे मुलगे गेले होते. त्याच दिवशी पॅरिसमध्येही एका अनोळखी सैनिकाला असाच मान मिळाला आणि पुढे अनेक देशांनी ही प्रथा उचलली.

१९२३ साली राजघराण्याची नवी सून एलिझाबेथ लग्नाला जाताना आपला पुष्पगुच्छ या कबरीवर ठेवून गेली. तिचा भाऊ युद्धात मारला गेला होता. तेव्हापासून राजघराण्यातल्या नवऱ्या मुली आपला पुष्पगुच्छ इथेच पाठवतात.

रेलटन पुढेही चर्चची सेवा करत राहिले. १९५५ मध्ये स्कॉटलंडमध्ये रेल्वेतून पडून त्यांचा मृत्यू झाला. युद्धात ते एक झेंडा सोबत बाळगायचे. प्रार्थनेच्या वेळी तो वेदीवर अंथरायचा आणि दफनाच्या वेळी मृत सैनिकावर पांघरायचा. त्या अनोळखी सैनिकाच्या शवपेटीवरही तोच झेंडा होता. आज तो ॲबेमध्येच, त्या कबरीजवळच्या चॅपेलमध्ये टांगलेला आहे.